पत्रावळीवरचे हात

पाडवा झाला की आमच्या स्टाफरूममध्ये वार विचारायला सुरुवात होते. येत्या मंगळवारी कुणाच्या गावची म्हाई, पुढच्या आठवड्यात कुणाच्या आजोळची. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत देवीच्या जत्रेला म्हाई म्हणतात, आणि म्हाईला जायचं ते मुख्यतः जेवायला. ज्याच्या दारात जास्त गाड्या लागल्या, त्याची म्हाई मोठी. इचलकरंजीत मी ज्या शाळेत शिकवते तिच्या मागच्या शेडमध्ये दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. त्याच्यावर आवाज चढवून ही आमंत्रणं दिली जातात. यायलाच पायजे मॅडम, तांबडा-पांढरा हाय, न्हाई म्हणायचं न्हाई. बोलावणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद असतो, तो मला दिसतो. तरीही माझ्या तोंडात कडू पाणी येतं.

हे लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीत 'राग' असा शब्द आला होता. तो खोडला. राग मला रोजच येतो. उशिरा येणाऱ्या एसटीचा, पोरांना गुरासारखं बदडणाऱ्या मास्तरांचा. तो येतो, भांडतो आणि जातो. म्हाईच्या दिवसांत जे येतं ते पोटातून येतं. समोरचं ताट चांगलं असतं, वाढणारा माणूस हसत असतो, वास ओळखीचा असतो, आणि घास उचलावासा वाटत नाही. त्याला किळस म्हणतात. हा शब्द आजवर आमच्याकडे बघून वापरला गेला. आता थोडा वेळ तो मी वापरणार आहे.

आमच्या कळंब्याच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं रग्गड होती. माझे वडील, आप्पा, कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी सुटली की ते लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात जाऊन बसत, आणि परत येताना सायकलच्या कॅरियरला स्वतः लिहिलेल्या पत्रकांचा, ओल्या शाईच्या वासाचा एक गठ्ठा बांधलेला असे. गुलाबी, पिवळा, फिकट हिरवा असा तो पातळ कागद. मी अक्षरं त्याच्यावरच शिकले. वाटून उरलेली पत्रकं आई फळीवर डब्यांखाली अंथरायची. त्यामुळे तूरडाळीचा डबा उचलला की 'जागे व्हा' दिसायचं आणि लोणच्याची बरणी सरकवली की 'किती दिवस सहन करणार'.

आप्पा ढोंगी नव्हते, हे आधीच सांगून टाकते. हुंड्याविरुद्ध लिहिलं आणि धाकट्या आत्याचं लग्न हुंड्याशिवाय लावलं. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा देव्हारा घराबाहेर गेला, तो आप्पांनी कुठल्याही संकटात परत आत येऊ दिला नाही. बकरी कापण्याविरुद्ध लिहिलं. बाईला चुलीपासून सोडवा असं लिहिलं. जेवल्यावर प्रत्येकानं आपलं ताट आपण धुवावं असं लिहिलं आणि आजतागायत स्वतःचं ताट ते स्वतः धुतात. अशा माणसाच्या घरात मी वाढले, म्हणून मला वाटायचं की एखादी गोष्ट नीट शब्दांत मांडली, ठळक टाइपात छापली आणि चौकात वाटली, की ती घडते.

आई पत्रकं वाचत नसे. ती गडहिंग्लजकडची, शाळा शिकलेली. वाचता यायचं, पण हातात मिरच्या असायच्या. चैत्र म्हणजे आमच्याकडे चटणीचा महिना. अंगणात जुन्या लुगड्यावर संकेश्वरी मिरच्यांचा लाल पसारा, देठं खुडणाऱ्या बायका, आणि गल्लीभर ठसका. खोबरं, तीळ, धने, लसूण, भाजलेला कांदा असं सगळं घेऊन ती मिरची कांडायच्या डंकावर जायची आणि कुटून आणलेली चटणी घरी येईपर्यंत गरम असायची. मग वस्तीत वाट्या फिरायच्या. आमची वाटी शेजारी, शेजारची आमच्याकडे, चव बघायला. प्रत्येक बाई दुसरीला म्हणायची, तुझीच चांगली झालीया, आणि घरात येऊन म्हणायची, मीठ जरा जास्तच हाय तिच्यात.

पण चटणी सगळ्याच करतात. आईचा हात होता पांढऱ्या रश्श्यात. मटण शिजताना सुटलेलं पाणी, त्यात ताज्या नारळाचं दूध, वाटलेले तीळ आणि खसखस, मिरी, वरून तुपात लवंग-दालचिनीची फोडणी. हळदीचा कण नाही. आच जरा वाढली की दूध फुटतं, म्हणून ढवळत राहायचं आणि लक्ष हलू द्यायचं नाही. एरवी घरभर बोलणारी आई पांढरा करताना गप्प असायची. तापातून उठलेल्या माणसाला, घरी आलेल्या बाळंतिणीला, कामावर अपमान होऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलेल्या कुणालाही तिचं पातेलं जायचं. वाटीतून पहिला घोट घेतला की माणूस डोळे मिटायचा. मला लहानपणी वाटायचं, औषध असंच पांढरं असतं.

आप्पांच्या शेजारच्या टेबलावर तानाजीकाका बसायचे. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावचे, शेतकरी घरातले. ऊस, म्हशी आणि वर नोकरी. मोठ्यानं हसणारा, खिशात हात घालताना मागेपुढे न बघणारा माणूस. आप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त लागलं तेव्हा कचेरीतून पहिले धावत आले ते हेच. बाही वर करून कॉटवर आडवे झाले आणि नर्सला म्हणाले, काढा की, उसाचा रस हाय, लगी भरतोय परत. हे रक्त आप्पांच्या अंगात आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा. मला ते विसरता येत नाही, म्हणून तर किळस इतकी पक्की आहे. वाईट माणसाची नुसती चीड येते.

दरवर्षी काकांच्या गावच्या म्हाईला आप्पा जायचे आणि मलाही न्यायचे. मला ते दिवस आवडायचे, खोटं कशाला बोलू. घरामागं दगडांच्या चुलींवर मोठी पातेली, उघड्या अंगाचे पुरुष लाकडी उलथनी फिरवताहेत, धूर, घाम, हसणं. सोप्यात सतरंज्यांवर पंगत बसायची आणि त्यात कचेरीतली सगळी माणसं. पावणं, लाजू नका, वरपा, असं ओरडत काका स्वतः वाढायचे. ताट सगळ्यांचं सारखं, वाढणंही सारखं. आप्पा माझ्याकडे बघायचे तेव्हा त्यांच्या नजरेत एखादं पत्रक खरं झाल्याचा आनंद असायचा. जेवण झालं की बाकीच्यांची ताटं घरातल्या सुना उचलायच्या. आप्पा आपलं आणि माझं ताट घेऊन मागच्या दगडावर जायचे, राखेनं घासायचे, धुवून पालथं घालायचे. त्यांचं तत्त्वच होतं ते. दहा वर्षांची असताना मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे एका वर्षी मात्र कानावर एक शांतता आली. दुसरा एक साहेब स्वतःचं ताट उचलायला गेला तर तीन बायका धावल्या, अवो ऱ्हाऊ द्या की, असं कुटं असतंय व्हय. आप्पा उठले तेव्हा कुणीच काही बोललं नाही. आप्पांच्या तत्त्वामुळे त्या घराची परीक्षा कधी झालीच नाही. ते आपणहून धुवायचे, म्हणून त्यांना कुणी धुवायला सांगितलं असतं का, हे कळायचा रस्ताच उरला नव्हता.

आई म्हाईला येत नसे. देवीच्या बकऱ्याला कागदावर न्हाय म्हणायचं आन् ताटात आलं की वरपायचं, एवढंच ती बोलायची. आप्पा म्हणायचे, मी देवीसाठी जात नाही, माणसासाठी जातो. आई म्हणायची, मग माणसाला इकडं बी आणा की कवा.

कधी आणलंच नव्हतं असं नाही. काका आमच्या घरी यायचे, उंबऱ्याच्या आत यायचे, खुर्चीवर बसायचे. चहा मात्र नुकताच झालेला असायचा. पाणी वाटेतच प्यालेले असायचे. जेवायचा आग्रह केला तर पोटावर हात फिरवून म्हणायचे, न्हाई वो वहिनी, आज पोट जरा बिघाडलंय. इतकं बिघडलेलं पोट घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं धडधाकट जगला.

माझी दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. काकांच्या गावची म्हाई होऊन गेली होती आणि आप्पा तिथल्या रश्श्याचं कौतुक करत होते. आई मिरच्यांची देठं खुडता खुडता थांबली. म्हणाली, "इतकी वर्सं तुमी खाऊन आलासा. एकदा मला वाढू द्या."

तिला दुसरं काही नको होतं. आपल्या हातचं त्या माणसांच्या पोटात जावं, एवढंच. आप्पा खूश झाले. लगेच म्हणाले, आपण सहभोजन करू, कचेरीतल्या सगळ्यांना बोलावू, त्यावर एक पत्रक काढू. आईनं देठ तोडून बाजूला टाकलं. "भोजन बिजन न्हाय. जेवण हाय."

मग वार ठरवायला सुरुवात झाली, आणि त्या वेळी मला कळलं की आठवड्यात देव किती आहेत. सोमवार शंकराचा. मंगळवार, शुक्रवार अंबाबाईचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. प्रत्येक वाराला कचेरीतला एक तरी माणूस बांधलेला. याच माणसांनी म्हाईला मंगळवारी हाडं चोखलेली मी पाहिली होती, तेव्हा वार कुणी विचारला नव्हता. उरला बुधवार. त्या बुधवारी संकष्टी नाही ना, हे आईनं शेजारच्या घरातल्या कॅलेंडरवर जाऊन बघितलं, कारण आमच्या कॅलेंडरवर ती छापलेली नव्हती. ज्या देवांना तिनं मानलं नाही, त्यांची सगळ्यांची गैरसोय टाळून तिनं दिवस धरला.

एका संध्याकाळी तानाजीकाका घरी आले. दारातूनच म्हणाले, "वहिनी, एवढ्या माणसांचं करायचं, तुमी कशाला चुलीम्होरं मरताय? आमच्या गावचा आचारी घिऊन येतो. मटाण, भांडी समदं तो बघतोय. तुमी नुसतं बसून ऱ्हायाचं." आणि जाता जाता, उन्हाळ्याचं पाणी कमी पडंल तुम्हास्नी, एक बॅरल बी टाकतो टेम्पोत.

आप्पांचे डोळे भरून आले. मला अजून दिसतात ते डोळे. बाईला चुलीपासून सोडवा, हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आणि आता एक शेतकरी पुरुष आपणहून येऊन तेच म्हणत होता. त्यांना वाटलं, पत्रक पोचलं. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यानं ही चूक केली नसती. साधा माणूस लगेच ओळखतो की पाहुणा स्वतःचं पाणी घेऊन येतो आहे. ओळखत नाही तो फक्त छापलेल्या शब्दांवर वाढलेला माणूस, कारण त्याला समोरच्याच्या तोंडी आपलाच शब्द ऐकू येतो.

आईनं एवढंच विचारलं, की पांढरा तेवढा मी केला तर चालेल का. काका म्हणाले, करा की, करा की.

बुधवारी सकाळी टेम्पो आला. पातेली उतरली, झारे उतरले, पाण्याचं निळं बॅरल उतरलं. पत्रावळ्या, द्रोण, प्लॅस्टिकचे पेले. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्यांची एक मोठी बुट्टी उतरली, काकांच्या घरून भाजून आणलेली. आचाऱ्यानं आमच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला चूल मांडली. आमच्या घरातून अंगणातल्या पंगतीसाठी बाहेर गेल्या त्या फक्त सतरंज्या. त्यांच्यावर बसायला कुणाची हरकत नव्हती.

आई पहाटेपासून आत होती. तिनं आप्पांना पाठवून वेगळं मटण आणवलं होतं, नारळ स्वतः निवडून घेतले होते. मी खोबरं खवलं, तिनं वाटलं, पिळलं. दूध पातेल्यात पडलं तेव्हा स्वयंपाकघराचा वास बदलला. बाहेर आचारी पोरांवर ओरडत होता, आत आई एका शब्दानं बोलत नव्हती. मध्येच तिनं पळी माझ्या तळहातावर टेकवली. मी चाटलं. त्या दिवशीचा पांढरा तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, असं मी म्हणते. सिद्ध करता येणार नाही, कारण साक्षीदार आम्ही दोघीच.

मग मी दारातून बाहेर डोकावले आणि पत्रावळीवर पाहिलं. तांबड्याच्या शेजारच्या द्रोणात पांढरा आधीच होता. आचाऱ्यानं तोही केला होता.

आत येऊन मी आईला सांगितलं. ती पातेल्याकडे बघत राहिली. मग तिनं लहान बादलीत रस्सा काढला, वर पळी ठेवली आणि बादली माझ्या हातात दिली. वाढून ये, म्हणाली. आईनं केलाय म्हनून सांग.

आमच्याकडे पोट भरलं की माणूस ताटावर आडवा हात धरतो. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, खाणाऱ्यानं हात धरायचा, वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून तरी थोडं ओतायचं. हा खेळ आहे, आणि सगळ्यांना तो आवडतो. त्या दिवशी मी पंगतीच्या टोकाला पोचले, म्हणाले, आईच्या हातचा पांढरा, वाढू? आणि पहिला हात आला. मग दुसरा, माझी बादली पोचायच्या आधीच. पुढे तर मी पावलं टाकत होते तसे पुढचे हात आपोआप आडवे होत होते, वाऱ्यानं पीक आडवं व्हावं तसे. पोवळ्याची अंगठी घातलेला हात, घड्याळाचा हात, मनगटात लाल दोरा बांधलेला हात, रश्श्यानं तेलकट झालेली बोटं. बास पोरी. लई झालं. भरलं की. एक जण म्हणाला, मला पांढरा सोसत न्हाई, आणि द्रोण तोंडाला लावून आचाऱ्याचा पांढरा प्यायला. ओठावर पांढरी रेघ राहिली. मला त्या रेघेचीच किळस आली. अजून येते. किळस पोटातून येते असं मी वर म्हटलं, ते पुरतं खरं नाही. ती शिकवलेली असते, पिढ्यान्पिढ्या, पाळण्यापासून. पण शिकवलेली असली तरी उलटी खरीच होते, हे मला त्या दिवशी कळलं.

तानाजीकाकांनी मात्र हात धरला नाही. वाढ की, म्हणाले, वहिनींच्या हातचा हाय. द्रोण रिकामा करून माझ्यासमोर धरला. मी काठोकाठ भरला. माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे गेले आणि मागे वळून वळून बघत राहिले. काका बोलत होते, हसत होते, भाकरी मोडत होते. द्रोण तसाच. रश्श्यावर साय धरली, सुरकुतली. उठताना त्यांनी पत्रावळ दुमडली आणि भरलेला द्रोण तिच्यात अलगद झाकला गेला. इतक्या सफाईनं, की थेंब सांडला नाही.

नकाराला मी सामोरी जाऊ शकते. घेतल्यासारखं करून झाकून टाकणं, हे माझ्या पोटात आजही जिरत नाही.

पंगतीच्या शेवटी आप्पा बसले होते. साहेबांशी बोलत होते, समतेबद्दलच काहीतरी. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. बादली जवळजवळ भरलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बोलता बोलता त्यांचा हात वर आला आणि पत्रावळीवर आडवा झाला. राहू दे गं, भरलं आता.

त्यांना त्या रश्श्याची चव ठाऊक होती. बाटायची भीती त्यांना नव्हती. त्यांच्या मनात काही नव्हतं, हेच भयंकर आहे. ओळीतले सगळे हात आडवे होते म्हणून तोही झाला. इतकी पत्रकं लिहिलेला तो हात, बोटांना शाई लागलेली, आणि त्याला कळलंसुद्धा नाही की आपण कुणाच्या ओळीत बसलो आहोत.

जाताना सगळ्यांनी आईला दारात गाठून सांगितलं, वहिनी, जेवण एक नंबर. आई म्हणाली, म्या काय केलं न्हाय. त्यांना वाटलं विनय. जास्तच हसले.

टेम्पो गेल्यावर ऊन उतरलं. आई आणि मी स्वयंपाकघरात जेवायला बसलो. तिनं केलेलं मटण, तिचा रस्सा, तिची भाकरी. आप्पा आत आले. चेहरा उजळलेला. म्हणाले, मलापण थोडा पांढरा दे की, तुझा राहिलाच. आईनं मान वर न करता माझ्या वाटीत पळी ओतली. "तुमी जेवलासा की."

आप्पा उभे राहिले. मग पातेल्याकडे पाहिलं. ते किती भरलेलं आहे हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असावं. माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. ते तिथंच भिंतीला टेकून बसले आणि आमचं जेवण होईपर्यंत बसून राहिले. आईनं त्यांना वाढलं नाही.

एरवी एवढं उरलं असतं तर वस्तीत घरोघर वाट्या गेल्या असत्या. मी तशा वाट्या मांडायला लागले. आई म्हणाली, "उष्टं देऊ व्हय कुणाला?" त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. तोंड न लावताच ते उष्टं झालं होतं. उन्हाळ्यात नारळाचं दूध टिकत नाही. सकाळी झाकण काढलं तेव्हा वर फेस आला होता आणि आंबूस, गोडसर वास. आईनं मागच्या गटारीत ओतलं. माश्या दिवसभर घोंगावत होत्या.

पुढच्या आठवड्यात तानाजीकाका आले. त्यांच्या सासुरवाडीची म्हाई होती, तिचं आमंत्रण घेऊन. नेहमीसारखे खुर्चीवर बसले, मोठ्यानं हसले, आणि म्हणाले, या वेळी वहिनी तुमी बी यायचं, मी न्हाय ऐकणार. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"येतो की भावजी. तुमी एकदा आमच्यात जेवलासा की येतो."

काका खरंच गोंधळले. "अवो, परवा जेवलो न्हवं? पोटभर जेवलो की."

आई म्हणाली, "ते तुमच्या घरचं जेवलासा. आमच्या दारात बसून."

 काका आप्पांकडे बघायला लागले, तुमी तरी सांगा की, अशा नजरेनं. आणि मी आप्पांकडे बघत होते. आयुष्यभर ठळक टाइपात बोललेला माणूस. एक वाक्य हवं होतं मला. अर्धं चाललं असतं. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. काका उठले. येतो, म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत.

त्यानंतर आप्पा कुणाच्याही म्हाईला गेले नाहीत. मला वाटलं, बाणा आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की कचेरीत ते सगळ्यांना पित्ताचा त्रास सांगायचे. डॉक्टरांनी मटण बंद केलंय म्हणायचे. म्हणजे त्यांनीही बिघडलेलं पोटच पुढे केलं, काकांचंच. दोन मित्र, एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात, आणि दोघेही एकमेकांना पोट बिघडल्याचं सांगत निवृत्त झाले. ते सहभोजनाचं पत्रक निघालं नाही. निघायला हवं होतं, असं मी म्हणते. खरं काय झालं ते लिहून निघायला हवं होतं. निघालं नाही म्हणून आज हे मी लिहिते आहे.

मी पित्त सांगत नाही. स्टाफरूममध्ये आमंत्रण आलं की सरळ म्हणते, आधी माझ्या घरी जेवा, माझ्या आईच्या हातचं, मग मी येते. पहिल्यांदा हसतात. मग म्हणतात, येऊ की कधीतरी. कधी, असं विचारलं की माझ्या मागे कुजबूज सुरू होते. मॅडम फार कडवट आहेत. एवढी शिकली तरी अजून तेच घेऊन बसलीय. आता कोण पाळतंय असलं? हे म्हणणाऱ्या बाईचा डबा मधल्या सुट्टीत सगळ्या टेबलावर फिरतो, आणि माझा डबा उघडला की गुरुवार निघतो. मी जेवते. हळू, चवीनं, सगळ्यांसमोर. माझ्या डब्यातल्या वांग्याला किती चव आहे हे मी त्यांना फुकट बघू देते.

या वर्षी मात्र एक घडलं. वैशाली नावाची नवी शिक्षिका आली आहे, हातकणंगल्याकडच्या शेतकरी घरातली. तिनं म्हाईला बोलावलं, मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय? रविवारी येतो की मी." आमच्याकडे पोरी अशाच बोलतात. मी वार परत विचारला. ती म्हणाली, रविवारच. जोतिबा? मी विचारलं. ती म्हणाली, असू दे की त्याला, त्याच्या डोंगरावर.

मी विश्वास ठेवलेला नाही. इतक्या हसऱ्या माणसांना बघून झालंय की हसण्यावरून मी काही ठरवत नाही. घरी सांगितलं तेव्हा आईनं मला नारळ आणायला सांगितले. इतक्या वर्षांत तिनं बाहेरच्या माणसासाठी पांढरा केलेला नाही. मग म्हणाली, तिला सांग, रिकाम्या हातानं ये म्हणावं. फळं नगं, पेढं नगं, पाण्याची बाटली नगं. मी ते वैशालीला जसंच्या तसं सांगितलं. ती गोंधळली. आपल्याकडे रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाणं हा अपमान समजतात. असं कसं यायचं, म्हणाली. मी म्हटलं, तसंच यायचं.

आज शनिवार आहे. आप्पा सकाळपासून घरात फेऱ्या मारताहेत. वय झालंय. मगाशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, उद्या तुम्ही दोघी तिच्याबरोबर बसा, वाढायला मी आहे. पुरुषानं वाढावं असं त्यांनी कधीतरी लिहिलंही होतं. मी लिहिणं थांबवलं. म्हटलं, आप्पा, उद्या तुम्ही वाढू नका. तुम्ही तिच्या शेजारी बसा, आणि आई पांढरा घेऊन येईल तेव्हा सगळ्यांत आधी तुम्ही घ्या.